रंग नवा, रॅकेट जुनी!

टेनिसचा सामना टीव्हीवर पाहताना आपण खेळाडूकडे पाहतो, चेंडूकडे पाहतो, गुणफलकाकडे पाहतो. त्याच्या हातातल्या रॅकेटकडे मात्र कंपनीला हवे तेवढेच पाहतो. रंग पाहतो आणि नाव पाहतो. दोन-तीन वर्षांनी हा रंग बदलतो, नावापुढे एखादा नवा शब्द लागतो आणि विजेत्याची नवी रॅकेट बाजारात आल्याची जाहिरात झळकते. मग एखादा बाप, ज्याची मुलगी नुकतीच टेनिस शिकू लागली आहे, पोटाला चिमटा काढून दुकानात जातो आणि पंधरा-वीस हजार रुपये मोजून ती रॅकेट घरी आणतो. आम्ही आज या बापाच्या बाजूने लिहीत आहोत. कारण त्याने आणलेली वस्तू बहुतेक वेळा त्या विजेत्याची रॅकेट नसतेच. रंग तोच असतो, आतला माल वेगळा असतो!

टेनिसच्या वर्तुळात याला 'पेंट जॉब' म्हणतात. हे लपूनछपून चालते असेही नाही. गटिंग करणाऱ्या कारागिरांना ते ठाऊक आहे, प्रशिक्षकांना ठाऊक आहे, खेळाच्या पत्रकारांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त गिऱ्हाइकाला. घडते असे की, खेळाडू उमेदीच्या वयात एका विशिष्ट साच्याच्या रॅकेटवर तयार होतो. त्याच्या मनगटाला, खांद्याला, नजरेला तिची सवय होते. पुढे कंपनी ते मॉडेल बंद करते, कारण कंपनीला दर दोन वर्षांनी काहीतरी नवे विकायचे असते. पण खेळाडू काही दर दोन वर्षांनी हात बदलू शकत नाही. मग कंपनी जुन्या साच्यातून त्याच्यापुरत्या रॅकेटी काढते, त्यांच्यावर नव्या मॉडेलचा रंग चढवते आणि तीच नवी रॅकेट म्हणून जगाला दाखवते.

अँडी मरेने २०१३ आणि २०१६ साली विम्बल्डन जिंकले. त्याच्या हातात हेड कंपनीची 'रॅडिकल' दिसायची. जाणकार सांगतात की, तिचा साचा 'पीटी ५७ ए' या सांकेतिक नावाचा, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या 'प्रो टूर ६३०' या रॅकेटच्या घराण्यातला होता. नोवाक जोकोविचच्या हातात त्याच कंपनीची 'स्पीड' दिसते. तिचा साचा 'पीटी ११३ बी' म्हणून ओळखला जातो आणि तो दुकानात मागूनही मिळत नाही. राफेल नदालने कोवळ्या वयात बाबोला कंपनीची 'एरोप्रो ड्राइव्ह' हाती धरली. वरचे रंग बदलत गेले, विकाऊ रॅकेटचे नाव 'प्युअर एरो' झाले, नदालचा हात मात्र वर्षानुवर्षे जुन्याच साच्यावर राहिला. यात खेळाडूंचा दोष आम्ही मानत नाही. ज्या हत्याराने भाकरी मिळते ते हत्यार कोणताही शहाणा कारागीर उगाच बदलत नाही.

पीट सॅम्प्रसचे उदाहरण तर बोलके आहे. १४ मोठी विजेतेपदे मिळवणारा हा माणूस २००२ सालच्या अखेरच्या अमेरिकन ओपनपर्यंत विल्सनची ८५ चौरस इंचाची 'प्रो स्टाफ' घेऊन खेळला. बाकीचे खेळाडू मोठ्या जाळीकडे वळले होते, तो वळला नाही. त्यातही त्याला वेस्ट इंडीजमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यात घडलेल्याच रॅकेटी हव्या असत. फ्रेमवर शिशाच्या पट्ट्या चिकटवून तो तिचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास नेत असे. गटिंग ७५ पौंडांच्या घरात, म्हणजे फळीसारखे ताठ. आज दुकानात मिळणारी रॅकेट साधारण ३०० ग्रॅमची असते. सॅम्प्रसची खरी रॅकेट एखाद्या हौशी खेळाडूच्या हाती दिली, तर तासाभरात त्याचा खांदा बोलू लागेल!

हत्याराला काहीच महत्त्व नाही, असे आमचे म्हणणे नाही. रॉजर फेडररने ९० चौरस इंचाच्या रॅकेटवर विम्बल्डन गाजवले. २०१३ साली तिथेच क्रमवारीत ११६व्या असलेल्या सर्गेई स्ताखोव्हस्कीकडून तो दुसऱ्या फेरीत हरला. त्यानंतर त्याने मोठी जाळी करून पाहिली, मध्येच जुनीकडे परतला, शेवटी २०१४ पासून ९७ चौरस इंचावर स्थिरावला आणि २०१७ साली पस्तिशी उलटल्यावर ऑस्ट्रेलियन ओपन व विम्बल्डन जिंकून दाखवले. ती रॅकेट त्याने उघडपणे बदलली होती. नवा साचा अंगवळणी पडायला फेडररसारख्या माणसालाही वेळ द्यावा लागला.

रॅकेटवर खेळाडूचे नाव छापण्याची रीत तशी जुनी आहे. या संदर्भात आमच्या वाचकांनी आर्थर अ‍ॅशचे नाव विसरू नये. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात गोऱ्यांची टेनिस मैदाने वेगळी होती. तिथे काळ्या मुलाला पाय ठेवता येत नव्हता. अ‍ॅशचे वडील काळ्यांसाठी राखलेल्या बागेचे रखवालदार होते आणि तिथल्याच कोर्टवर हा मुलगा शिकला. आमच्या पाणवठ्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. याच अ‍ॅशने १९७५ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जिमी कॉनर्सला हरवले. ते विजेतेपद मिळवणारा तो पहिला काळा पुरुष. कॉनर्सच्या हाती पोलादी 'टी २०००' होती, अ‍ॅशच्या हाती अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये फायबर बसवलेली हेडची 'कॉम्पिटिशन'. ज्या मुलाला कोर्टवर मज्जाव होता, त्याच्या नावाची रॅकेट दुकानांत विकली जाऊ लागली! त्या नावामागे त्याचा घाम होता. नावाला किंमत अशी येते, आणि म्हणूनच नाव लावून विकणाऱ्याने खरे बोलले पाहिजे.

आता गटाकडे येऊ. आपल्याकडे रॅकेटची जाळी विणण्याला 'गटिंग' म्हणतात. हा शब्द आला कुठून? 'गट' म्हणजे आतडे. फ्रान्समधील लिऑनच्या बाबोला कंपनीने १८७५ पासून, म्हणजे मेजर विंगफिल्डने टेनिसचे पेटंट घेतल्यानंतर वर्षभरातच, जनावरांच्या आतड्यापासून रॅकेटच्या तारा बनवायला सुरुवात केली. आधी ती कंपनी वाद्यांच्या तारा करत असे. आज ही तार गाईच्या आतड्याच्या पापुद्र्यापासून बनते आणि एका रॅकेटला साधारण तीन जनावरांचे आतडे लागते असे सांगतात. एवढी वर्षे झाली, प्रयोगशाळांनी हजार प्रयोग केले, तरी तिच्याइतकी लवचिक आणि हाताला मऊ तार कृत्रिम धाग्यातून निघालेली नाही. फेडररच्या उभ्या तारा आतड्याच्याच असत, सेरेना विल्यम्सच्याही.

आपल्याकडेही आतड्याची तात होती. पिंजाऱ्याच्या धनुकलीला ती लागायची. मेलेल्या जनावराचे कातडे, हाड, आतडे यांपासून बनलेल्या वस्तू गावाने बिनदिक्कत वापरल्या, विटाळ मात्र ते काम करणाऱ्या हातांना लावला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हा सारा इतिहास होता. फ्रान्समध्ये त्याच आतड्याचा कारखाना काढणारे घराणे पिढ्यान् पिढ्या प्रतिष्ठेने नांदते आणि विम्बल्डनच्या हिरवळीवर तीच तार मिरवते. आतडे तेच, समाज वेगळा. असो.

गटाच्या इतिहासात एक मोठा तमाशा १९७७ साली झाला. १९७८ पर्यंत टेनिसच्या नियमांत रॅकेट म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती! कशानेही मारा, चालत होते. वेर्नर फिशर नावाच्या जर्मन माणसाने याचा फायदा घेतला. त्याने उभ्या तारांचे दोन थर केले, आडव्या तारा त्यांत न विणता मधोमध ठेवल्या आणि वर प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या. ही 'स्पगेटी' रॅकेट. तिच्यावरून निघालेला चेंडू असा काही फिरायचा की समोरचा चक्रावून जाई. १९७७ च्या अमेरिकन ओपनमध्ये माइक फिशबॅक या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या खेळाडूने माजी विजेत्या स्टॅन स्मिथला ती वापरून हरवले. पुढे फ्रान्समध्ये एक्स-अँ-प्रोव्हान्सच्या अंतिम सामन्यात इली नास्तासेने ती हाती घेतली. समोर होता सलग ४६ सामने जिंकलेला गिलेर्मो व्हिलास. दोन सेट हरल्यावर व्हिलासने चिडून सामनाच सोडला. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या वर्षीच बंदी घातली आणि पुढच्या वर्षी रॅकेटची व्याख्या केली. तारा एकमेकींत विणलेल्या किंवा जोडलेल्या असल्या पाहिजेत, हा नियम तेव्हापासूनचा.

गंमत पुढे आहे. १९९७ साली क्रमवारीत ६६वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुर्तन फ्रेंच ओपन जिंकून गेला. त्याच्या रॅकेटला बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारा होत्या. ही तार कडक आणि गुळगुळीत असते. चेंडू लागला की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटण्याआधी झटक्याने जागेवर येतात. त्या झटक्याने चेंडूला फिरकी मिळते. म्हणजे स्पगेटीने जे केले तेच, पण नियमात बसवून! तेव्हापासून पुरुषांच्या टेनिसचे रूपच पालटले. सॅम्प्रस जसा जाळीकडे धावत जायचा, तसे धावणारे आता मोजकेच उरले आहेत. कारण फिरकी घेऊन पायाशी उतरणारा चेंडू उचलणे कठीण झाले. हा बदल फ्रेमच्या रंगाने केला नाही, काही मीटर तारेने केला. पण जाहिरात फ्रेमची होते. फ्रेम महाग असते ना!

ताण किती ठेवावा, याचे एकच सूत्र सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सॅम्प्रस ७५ पौंडांच्या घरात, नदाल ५५ पौंडांवर, तर फ्रान्सचा आद्रियाँ मानारिनो चक्क ३० पौंडांच्याही खाली. तिघेही आपापल्या जागी बरोबर. शिवाय बड्या खेळाडूच्या पिशवीतल्या सगळ्या रॅकेटी वजनाला, तोलाला अगदी सारख्या करून घेतलेल्या असतात, मूठही त्याच्या तळव्याप्रमाणे घडवलेली असते. दुकानातल्या एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटी काट्यावर ठेवल्या, तर पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. बड्या स्पर्धांत गटिंग करणारे कारागीर पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रापाशी उभे असतात. त्यांची नावे कुणी विचारत नाही. आणि क्रमवारीत तळाशी असलेला खेळाडू? तो गटिंगचे पैसे स्वतःच्या खिशातून मोजतो किंवा स्वतःच यंत्र घेऊन गावोगाव हिंडतो. पॉलिएस्टरचा ताण काही तासांत उतरतो. श्रीमंत खेळाडू चेंडू बदलला की नवी रॅकेट काढतो, गरीब खेळाडू मेलेल्या तारेवर सामना रेटतो.

आता त्या बापाच्या मुलीकडे वळू. दुकानदार त्याला सांगतो, "विजेते हेच गट वापरतात, हेच घाला." बारा वर्षांच्या कोवळ्या मनगटाला पूर्ण पॉलिएस्टर जाळी म्हणजे प्रत्येक फटक्याचा हादरा थेट कोपराला. तार लवकर मरते, पण तुटत नाही. म्हणून घरची माणसे महिनोन् महिने बदलत नाहीत आणि हादरा वाढतच जातो. शिकणाऱ्या मुलाला हलकी फ्रेम आणि नायलॉनची मऊ तार पुरते. मागच्या मॉडेलची रॅकेट निम्म्या किमतीत मिळत असेल तर बिनधास्त घ्यावी. विजेते स्वतः जुन्याच साच्यावर खेळतात, तर आपल्याला नव्याची लाज कशाला!

सरकारलाही आमचे सांगणे आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली. एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याचे मत प्रामाणिक असावे आणि त्याला त्या वस्तूची पुरेशी माहिती वा अनुभव असावा, असे ती म्हणते. मग जी रॅकेट आपण सामन्यात हातीच धरत नाही, तिच्यावर नाव लावणे या कसोटीला उतरते का? गुटख्याच्या, गोरेपणाच्या मलमाच्या जाहिरातींवर बोलणे झाले, ते योग्यच झाले. खेळाच्या सामानाकडेही कुणीतरी पाहावे. रॅकेटच्या दांड्यावर एक ओळ छापायला कंपनीला किती खर्च येणार आहे? 'या रंगाची रॅकेट अमुक खेळाडू वापरतो. त्याच्या रॅकेटचा साचा, वजन आणि गट वेगळे आहेत.' फ्रेमवर वजन आणि जाळीचा आकार छापतात, त्याच्या खाली भरपूर जागा आहे.

तोपर्यंत दुकानात गेल्यावर रंग पाहू नये. वजन काट्यावर टाकून घ्यावे, कोणता गट आहे, किती पौंडांवर विणला आहे आणि कधी विणला आहे हे विचारावे. दुकानदाराला या चार गोष्टी सांगता आल्या नाहीत, तर पैसे खिशातच ठेवून पुढच्या दुकानात जावे.