एकदां निघालेली चिठ्ठी

गणपतीच्या दिवसांत घरीं मुलें जमलीं, कीं हाऊझीचा खेळ व्हावयाचाच. पिशवींतून एक गोटी निघते, आंकडा पुकारला जातो आणि ती गोटी पुनः पिशवींत जात नाहीं. ह्या साध्या नियमांत कांहीं शास्त्र असेल, असें आमच्या मनांत आजवर कधीं आलें नव्हतें. तें यंदा नातवाच्या एका यंत्रानें आमच्या नजरेस आणून दिलें. म्हणून ह्या महिन्यांत तीच हकीकत वाचकांस सादर करितों.

आमची सूनबाई मूल तालुक्यांतील एका शाळेंत शिक्षिका आहे. वर्गांत मुलें अठ्ठेचाळीस. प्रश्न कोणास विचारावा हें डोळ्यांवर सोंपविलें, कीं डोळे पहिल्या दोन बांकांपलीकडे जात नाहींत. हा आमचाही अनुभव आहे, आणि तो सांगण्यास आम्हांस लाज वाटते. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं वैनगंगेपलीकडील एक माडिया मुलगा आमच्या वर्गांत अगदीं मागें बसे. वर्षअखेरीस हजेरीपट उलटतांना ध्यानांत आलें, कीं वर्षभरांत आपण त्यास एकही प्रश्न विचारला नाहीं. पुढील वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. त्याचें कारण काय असेल तें असो. आमचें कर्तव्य मात्र राहून गेलें.

ही गोष्ट ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, आईच्या वर्गासाठीं मी एक पेटीच करतों. बटण दाबलें कीं हजेरीचा क्रमांक दिसेल." त्यानें आर्डुइनो नांवाची पाटी आणली. तिच्यावरील मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपेंत सामावलेला लहानसा संगणक. काम करितांना हाताशीं ठेवण्याची त्याची स्मृति अवघी २०४८ बाइट. परंतु अठ्ठेचाळीस क्रमांकांस अठ्ठेचाळीस बाइट पुरतात.

पहिली पेटी तोच क्रमांक पुनः पुनः दाखवूं लागली. मग त्यानें तिला निघालेले क्रमांक लक्षांत ठेवावयास शिकविलें. जुना क्रमांक आला तर तो टाकून नवा काढावयाचा. ह्या रीतींत शेवटीं शेवटीं फार खटपट पडते. एकच क्रमांक उरला, तर तो सांपडण्यास सरासरीनें अठ्ठेचाळीस वेळां हात घालावा लागतो. सबंध फेरीस सुमारें २१४ वेळां. यंत्र चपळ असल्यामुळें हें खपून जातें, पण क्रमांक हजारोंनीं असते तर खपलें नसतें.

ह्याहून बरी युक्ति म्हणजे पत्ते पिसावे तसे सारे क्रमांक एकदांच पिसून ठेवावयाचे आणि मग ओळीनें वाचावयाचे. परंतु पिसण्यांतही चूक होते, आणि ती आम्हांस लीलावतीनें दाखविली. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ह्या ग्रंथांत अंकपाशाच्या प्रकरणीं विचारलें आहे, कीं शंख, चक्र, गदा व पद्म हीं श्रीहरीच्या चार हातांत आलटून पालटून दिलीं, तर मूर्ति किती होतील? उत्तर चोवीस. संध्येंतील केशवादि नांवेंही चोवीसच, हें वाचकांस ठाऊक आहे.

नातवानें प्रथम केलें तें असें : प्रत्येक हातापाशीं जाऊन चारांपैकीं कोणत्याही हाताशीं आयुधाची अदलाबदल करावयाची. असे मार्ग चार गुणिले चार, गुणिले चार, गुणिले चार, म्हणजे २५६ होतात. २५६ ला २४ नें भागलें तर १६ उरतात. म्हणजे हे मार्ग चोवीस मूर्तींत सारखे वांटलेच जात नाहींत. कांहीं मूर्ति अधिक वेळां येतात, कांहीं कमी.

खरी रीत अशी : शेवटच्या हातासाठीं चारांपैकीं एक आयुध निवडावें व तेथील आयुधाशीं बदलावें. मग त्या हाताकडे पुनः पाहूं नये. उरलेल्या तिघांतून एक, मग दोघांतून एक. चार गुणिले तीन गुणिले दोन, बरोबर चोवीस. एकदां निघालेली चिठ्ठी डब्यांत परत न टाकण्याचाच हा नियम. फिशर व येट्स ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनीं १९३८ सालीं आपल्या कोष्टकांच्या पुस्तकांत कागदावर करण्याची अशी रीत दिली, आणि १९६४ सालीं डर्स्टेनफेल्ड यांनीं तिला ही संगणकाजोगी सुटसुटीत शिस्त लावली.

पेटी शाळेंत गेली. पांच दिवस झाले आणि एकतीस क्रमांकाची मुलगी वर्गांत येईनाशी झाली. सूनबाई तिच्या घरीं गेली, तेव्हां आई म्हणाली, "बाई, रोज सकाळीं पहिला प्रश्न हिलाच. तुमचा हिच्यावर राग आहे का?" सूनबाई घरीं आली ती रडवेली होऊन. "मामंजी, मीं तर डोळेसुद्धां मिटून बटण दाबलें हो!"

दोष हाताचा नव्हता. यंत्रास खरी यदृच्छा ठाऊक नसते. एका बीजांकापासून गणित करीत तें पुढचे आंकडे काढतें. बीज बदललें नाहीं, तर रोज चालू करतांच तोच क्रम निघतो. मोकळ्या टोंकावरील विजेचा चंचल अंक बीज म्हणून घेण्याची पद्धत आहे. पण तसे अंक फार तर १०२४. म्हणून नातवानें बटण कोणत्या क्षणीं दाबलें गेलें, तें सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही बारीक मोजून तेंच बीज केलें. शिवाय उरलेले क्रमांक चिपेच्या कायम स्मृतींत ठेविले. वीज गेली तरी फेरी मोडत नाहीं.

सूनबाईनें वर्गासमोर पेटी उघडली, चूक सांगितली आणि मुलीची क्षमा मागितली. नव्या फेरींत त्या मुलीची पाळी एकेचाळिसावी आली. उत्तर चुकलें, पण ती उभी राहून बोलली.

२०१७ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या प्रभाग २२० मध्यें दोन उमेदवारांस समान मतें पडलीं, तेव्हां निकाल चिठ्ठीनेंच लागला. अशा चिठ्ठीस आपण ईश्वरचिठ्ठी म्हणतों. हरलेला ती मानतो, कारण डबा सर्वांच्या डोळ्यांदेखत हलविलेला असतो. यंत्राचा डबा दिसत नाहीं. म्हणून तो कसा हलतो, हें ज्यांची पाळी त्यांतून निघते त्यांस सांगितलेंच पाहिजे.

आणि घरांतही, पंक्तींत वाढतांना किंवा मुलांचें कौतुक करितांना, आपला डोळा कोणत्या बांकापर्यंत जातो, तें एकदां मोजून पाहावें. आम्हीं तें फार उशीरां मोजलें.