विश्लेषण : नोटेवरची लाट आणि हिरोशिमाचे पडदे

जपानने ३ जुलै २०२४ रोजी नव्या नोटा चलनात आणल्या. हजार येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला होकुसाईची प्रसिद्ध लाट आहे. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर ती आपणही पाहिलेली असते. पण देशाची ओळख म्हणून कोणते चित्र नोटेवर येते आणि कोणते कधीच येणार नाही?

लाट किती ‘जपानी’?

१८३१च्या सुमारास, सत्तरी गाठलेल्या होकुसाईने ती काढली. चित्रकार कागदावर रेखाटन करी, दुसरा कारागीर ते लाकडात कोरी, तिसरा एकेक रंग चढवून छापी आणि पैसा प्रकाशकाचा. भरपूर छापून स्वस्तात विकायचा माल होता तो. त्यातला गडद निळा रंग बर्लिनमध्ये शोधलेला. जपानीतही त्याचे नाव ‘बर्लिनची नीळ’ अशाच अर्थाचे. यात कमीपणा काही नाही. ‘अस्सल’ परंपरेच्या गप्पा मारणाऱ्यांनी मात्र हा निळा लक्षात ठेवावा.

मारुकी दाम्पत्याने काय केले?

इरी मारुकी पारंपरिक शाईचित्रकार, मूळचे हिरोशिमाकडचे. पत्नी तोशी तैलचित्रकार. ६ ऑगस्ट १९४५ला अणुबॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच दोघे हिरोशिमात पोहोचले आणि वाचलेल्यांच्या मदतीला लागले. चित्राला हात घालायला मात्र काही वर्षे गेली. पहिले चित्र १९५०मध्ये प्रदर्शनात लागले, तेव्हा जपान अमेरिकी अमलाखाली होता. शीर्षकात अणुबॉम्बचा उल्लेख टाळून त्याला ‘६ ऑगस्ट’ म्हटले गेले. स्फोटाची छायाचित्रे सामान्य जपानी माणसाला फारशी पाहायलाही मिळत नव्हती, त्या काळात ही चित्रे गावोगाव फिरली.

त्यांनी निवडलेला आकार घडीच्या पडद्याचा, म्हणजे मंदिरांत आणि श्रीमंतांच्या घरांत असायचा तो. आठ भागांचा, १.८ मीटर उंच, ७.२ मीटर लांब. जिथे शतकानुशतके पाइन, सारस आणि ऋतू रंगवले गेले, तिथे कातडी लोंबणारी उघडी माणसे आली. तोशी माणसे बारकाईने रेखाटत, इरी त्यांवर पातळ शाई ओतत, मग तोशी पुन्हा रेषा काढत. संसारातही इतकी ओढाताण क्वचितच कामी येते.

आठवण कोणाची?

माझ्या मते या चित्रांचे मोठेपण पुढच्या वळणात आहे. १९७०मध्ये ती अमेरिकेत नेली, तेव्हा तिथे त्यांना विचारले गेले : एखाद्या चिनी चित्रकाराने नानजिंगच्या कत्तलीची चित्रे जपानमध्ये आणली तर? दोघांनी प्रश्न झटकला नाही. १९७१मध्ये त्यांनी हिरोशिमात मेलेले अमेरिकी युद्धकैदी रंगवले. १९७२मध्ये ‘कावळे’ आले. बॉम्बमध्ये हजारो कोरियन मेले. त्यांतले अनेक मजुरीसाठी आणलेले. त्यांचे देह शेवटपर्यंत उचलले गेले नाहीत, या आठवणीवर ते चित्र आहे. काळ्या शाईत कावळ्यांचे थवे आणि मधे तरंगणारा पांढरा कोरियन पोशाख. १९७५मध्ये तर नानजिंगच आले.

आपल्यावर बॉम्ब पडला, ही आठवण कोणताही देश जपतो. आपल्यातल्याच मृतांमध्ये आपण भेद केला, हे सांगायला वेगळे धैर्य लागते, आणि ते याच जुन्या शाईने, याच जुन्या पडद्यांवर सांगितले गेले. परंपरेचा हा उपयोग मला लाटेच्या नोटेपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, मग पर्यटकांना तो आवडो न आवडो.

हिरोशिमा मालिकेची एकूण १५ चित्रे १९८२पर्यंत पूर्ण झाली. त्यांपैकी १४ सायतामा प्रांतात, दाम्पत्याने स्वतः १९६७मध्ये उभारलेल्या संग्रहालयाची आहेत. पंधराव्या चित्राचे नाव ‘नागासाकी’, आणि ते नागासाकीतच आहे.