बाबांचा शर्ट कुठे घ्यायचा?



यंदा संपादकांनी विषय दिला आहे : पुरुषांनी झोकदार कपडे कुठे घ्यावेत? खडूने माखलेल्या बाह्यांत जन्म गेलेल्या मास्तराला हे विचारणं म्हणजे जरा धाडसच. पण विषय दिसतो तेवढा वरवरचा नाही.

आखातातल्या मराठी घराचा हिशेब बघा. सुट्टीची बॅग भरताना आईला साडी, बहिणीला ड्रेस, भाच्यांना खेळणी, शेजाऱ्यांना खजूर. बाबांच्या वाट्याला एकच वाक्य, ‘मला आहेत की!’ कॉलर झिजली तर ती उलटवून शर्ट वापरणारी आमची पिढी. तिला स्वतःवर खर्च करणं म्हणजे चैन वाटते. आणि मुलं? ती दर महिन्याला फोनवरून टी-शर्ट मागवतात, पण नोकरीच्या मुलाखतीला घालायला मापाचा एक शर्ट कपाटात नसतो. हा लेख दोघांसाठी.

आधी आपलं रास अल खैमा. तयार कपड्यांना अल मनार मॉल, आरएके मॉल आणि अल हमरा मॉल आहेतच. पण एकदा अल नखीलच्या गल्ल्यांतून चालत जा. तिथले शिंपी बहुतेक आपल्याच उपखंडातले. हिंदी-उर्दूत बोलणं होतं. अमिराती गृहस्थाचा कंदुरा पाहा. कपडा साधा, एकरंगी, गळ्याशी एक गोंडा. तरी माणूस रुबाबदार दिसतो. कारण कंदुरा अंगाच्या मापाने शिवलेला असतो. रुबाब किमतीत नसतो, मापात असतो.

दुबई गाडीने तासाभरावर. बर दुबईतला मीना बाजार आणि खाडीकाठचा कापडबाजार हे आपले खरे ठिकाण. कापड, शिंपी, कुर्ते, शेरवान्या, नेहरू जाकिटं सगळं चालत फिरण्याच्या अंतरात. घासाघीस करायला लाजू नका. नावाजलेल्या ब्रँडचे कपडे हवे असतील, पण किंमत पाहून घाम फुटत असेल, तर अल ऐन रस्त्यावरचा दुबई आउटलेट मॉल गाठा. घाई नसेल तर हिवाळ्यातल्या शॉपिंग फेस्टिव्हलपर्यंत थांबा. 1996 पासून तो भरतो आहे.

आता थोडी शिकवणी. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला 58 इंच पन्ह्याचं सुमारे 1.6 मीटर कापड लागतं, पँटला 1.2 ते 1.3 मीटर. अंगापिंडाने मोठे असाल तर थोडं जास्त. सुती कापड आटतं, म्हणून शिवायच्या आधी धुऊन घ्या. इथल्या उन्हात सुती किंवा लिनन. सुटासाठी पातळ लोकरी कापड, कारण ऑफिसात एसी कडाक्याचा. कापडावर ‘सुपर 120’ लिहिलेलं दिसेल. आकडा जेवढा मोठा, तेवढा धागा बारीक. पण बारीक धागा नाजूकही असतो, त्यामुळे रोजच्या वापराला मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका.

कपडा घालून पाहताना आधी खांदा बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. पोट आत-बाहेर करता येतं, बाही आखूड करता येते, खांदा दुरुस्त करणं महाग पडतं. शिंप्याला आतल्या शिवणीत थोडं जास्त कापड ठेवायला सांगा. फराळानंतर उपयोगी पडतं!

भारतात जाणार असाल तर मुंबईचं मंगलदास मार्केट आणि पुण्याचा लक्ष्मी रस्ता आहेच. छत्रपती संभाजीनगरचं हिमरू मात्र विसरू नका. सूत आणि रेशमाचं हे विणकाम. त्याचं जाकीट पांढऱ्या कुर्त्यावर घालून मुलगा मंडळाच्या कार्यक्रमाला आला, तर ‘हे कुठलं?’ म्हणून चार जण विचारतील. त्या उत्तरात आपलं गाव येतं.

एक व्यवहाराची गोष्ट. ईदच्या आधी शिंप्यांकडे इतकं काम असतं की अनेक जण नवीन कपडे घेतच नाहीत. मापं रमजानच्या बऱ्याच आधी द्या.

आणि मुलांनो, पहिला पगार झाला की बाबांना ‘काय आणू?’ असं विचारू नका. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना गाडीत बसवा आणि सरळ शिंप्यासमोर उभं करा. टेप खांद्यावर पडला की बाबा आपोआप ताठ उभे राहतात.