एका रात्रीत रंगवलेले सहा महिने

2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या निघाल्या, आपण आनंद केला. पण जिल्हा पाटीवर चालत नाही, नोंदींवर चालतो. इथल्या म्हातारीची पेन्शन, घराचा शिधा, पोराची शिष्यवृत्ती समग्र आयडीला बांधलेली आहे. गव्हाची सरकारी खरेदी ई-उपार्जनच्या नोंदणीवाचून होत नाही. दाखला हवा तर लोकसेवा केंद्राच्या खिडकीशी उभं राहावं लागतं. एक नोंद चुकली की माणूस जिवंत असून कागदावर नसतो. या यंत्रणा उद्या उभारणारी, चालवणारी, दुरुस्त करणारी पोरं आपल्याच घरांतली आहेत. कुणी इथल्याच कॉलेजात बीसीए करतं, कुणी छिंदवाड्याला, कुणी नागपूरला जातं. त्यांना आपण काय शिकवतो? मी स्पष्ट सांगतो. आपण त्यांना खोटी नोंद करायला शिकवतो आणि त्या खोट्या नोंदीला भरघोस गुण देतो.

आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंट या विषयाकडे पाहा. मोठं काम लहान तुकड्यांत कसं वाटायचं, कोणत्या कामावाचून कोणतं अडतं, वेळेचा आणि पैशाचा अंदाज कसा बांधायचा, धोके आधी कसे हेरायचे, हे त्यात शिकायचं असतं. आणि अंदाज चुकला तर ते लपवून न ठेवता वेळेवर सांगायचं, हा तर त्या विषयाचा प्राणच. म्हणजे हा विषय मुळात खरेपणाचा आहे. त्याच विषयाची परीक्षा आपण खोटेपणाचा कारखाना करून टाकली आहे.

परीक्षेच्या टेबलावर येणारी फाइल उघडून पाहा. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. आत ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’, तीच जी गेल्या वर्षी होती आणि त्याच्या आदल्या वर्षीही होती. एखाद्या पानाच्या तळाशी दुसऱ्याच कॉलेजचं नाव पुसायचं राहून गेलेलं असतं. पुढे गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे तक्ते रूढ केले, ते काम ठरल्याप्रमाणे चाललंय की मागे पडलंय हे मालकापासून मजुरापर्यंत सगळ्यांना दिसावं म्हणून. आपल्या फाइलीत जुलै ते डिसेंबर असा तक्ता असतो. प्रत्येक पट्टी वेळेवर सुरू, वेळेवर संपलेली. एकही काम एक दिवसही लांबलेलं नाही. कसं लांबेल? तक्ता काम संपल्यावर रंगवला आहे, सबमिशनच्या आदल्या रात्री. बऱ्याचदा तर कामच झालेलं नसतं. तयार प्रोजेक्ट विकत आणलेला असतो आणि त्यातली ओळ न ओळ परकी असते.

हा नुसता आळस नाही. झालेलं नसलेलं काम झालं म्हणून तारखेनिशी लिहिणं याला बनावट नोंद म्हणतात. रस्त्याच्या मेजरमेंट बुकात न टाकलेली गिट्टी लिहिली जाते, मजुरांच्या हजेरीपटावर न आलेल्या माणसाचा अंगठा उमटतो, तेव्हा आपण चौकात उभं राहून शिव्या घालतो. ती विद्या त्या माणसाने शिकली कुठे? आपण दिलेल्या गुणांवरच शिकला तो.

आता गटाचं पाहा. पाच जणांचा गट असतो आणि काम एक जण करतो, फार तर दोघं. पुष्कळदा ती एखादी मुलगी असते. कोड ती लिहिते, फाइल ती टाइप करते, आकृत्या ती काढते. पहिल्या पानावर गटप्रमुख म्हणून नाव दुसऱ्याचं. गुण पाचांनाही सारखेच. सरांना हे ठाऊक असतं, वर्गाला ठाऊक असतं, कुणी बोलत नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. राबणारा एक आणि मिरवणारा दुसरा, ही या समाजाची जुनी रीत. ती मोडण्यासाठी आपण शाळा-कॉलेजं काढली. आज त्याच कॉलेजात, गुणपत्रिकेच्या शिक्क्यानिशी, ती रीत पुन्हा पक्की होते आहे.

त्यात भाषेचा अन्याय वेगळाच. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी, संगणकाच्या पुस्तकात इंग्रजी. व्हायव्हाला परीक्षक विचारतात, ‘क्रिटिकल पाथ म्हणजे काय?’ सौंसरच्या संत्राबागेत वाढलेली पोर पाठ केलेली इंग्रजी व्याख्या अर्ध्यावर विसरते आणि मान खाली घालते. परीक्षक ‘पुअर’ लिहितात. तिला असं विचारून पाहा: आंबिया बहार धरायचा आहे, कोणतं काम लांबलं तर सगळा बहार हातचा जाईल आणि कोणतं आठ दिवस मागं पडलं तरी चालेल? ती ताबडतोब सांगेल की डिसेंबरातला ताण नीट बसला पाहिजे, मग जानेवारीत पाणी वेळेवर सुटलं पाहिजे, त्यात हयगय झाली तर फूल धरणार नाही. कुंपणाची डागडुजी नंतर केली तरी बिघडत नाही. क्रिटिकल पाथ हाच! तिला विषय येतो. आपल्यालाच तिची परीक्षा घेता येत नाही. आणि ज्याला व्याख्या पाठ आहे पण कामातलं ओ की ठो कळत नाही, तो पहिला येतो.

या पापाचे वाटेकरी कोण? पालकहो, आधी तुम्ही. पोरगं काय शिकलं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, ‘किती पडले’ एवढंच विचारलंत. प्रोजेक्ट विकत घ्यायला पैसे तुमच्याच खिशातून गेले. कॉलेजचालकहो, निकालाचा टक्का फलकावर झळकावा म्हणून इंटर्नलचे गुण मूठमूठ वाटायला तुम्ही सांगता. परीक्षक महाशय, पन्नास-साठ मुलांची व्हायव्हा तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधी उरकता, संगणक सुरूही करायला लावत नाही, आणि परतताना गाडीत संत्र्याची पेटी ठेवून घेता. तिला पाहुणचार म्हणू नका. जिथे गुण देणारा हात घेणाराही असतो तिथे न्याय उरत नाही. प्राध्यापकहो, तुमच्यातले कितीतरी अतिथी विद्वान म्हणून अस्थिर नोकरीवर राबतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा संताप मलाही आहे. पण सरकारने तुमच्यावर केलेल्या अन्यायाची भरपाई विद्यार्थ्यावर अन्याय करून होत नाही. आणि ‘गरिबाचं पोर आहे, देऊन टाका’ ही दया तर सगळ्यांत क्रूर. श्रीमंताच्या पोराला खोटी पदवी पचते, बापाचं दुकान असतं. गरिबाचं पोर तीच पदवी घेऊन नागपूरच्या कंपनीत मुलाखतीला बसतं, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं आणि दोष स्वतःच्या डोक्याला देत परततं.

खोट्या नोंदींचा शेवट कुठे होतो हे जगाने पाहिलं आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यात 1999 पासून होरायझन नावाची संगणक यंत्रणा बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. दोष आहेत हे आतल्या लोकांना माहीत होतं. तरी खातं म्हणत राहिलं, यंत्र बरोबर, माणूस चोर. नऊशेहून अधिक टपालचालकांना दोषी ठरवण्यात आलं. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. अखेर 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. आणि आपल्याच राज्यात काय झालं? 2013 मध्ये व्यापम घोटाळा उघडकीला आला: दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारे, उत्तरपत्रिकांत आणि संगणकातल्या नोंदींत फेरफार करणारे. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तपास सीबीआयकडे द्यावा लागला. एवढं होऊनही परीक्षा पवित्र ठेवायची शपथ आपण घेतली नाही.

उपाय अवघड नाहीत, अंगावर येणारे आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याची साप्ताहिक नोंदवही ठेवा आणि दर आठवड्याला तिच्यावर तारखेसह सही करा, म्हणजे सहा महिने एका रात्रीत रंगवता येणार नाहीत. काम मागे पडलं आणि ते वेळेवर, कारणासह लिहिलं, तर त्याचे गुण द्या. फ्रेडरिक ब्रूक्सने आयबीएममधल्या अनुभवावरून 1975 मध्ये लिहिलं की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की उशीर वाढतो. आपली मुलं हा नियम पाठ करून लिहितात. त्यांच्या गटाला तो कुठे भोवला हे विचारा. गटाचे गुण अर्धे, ज्याच्या-त्याच्या कामाचे अर्धे ठेवा. कुणी काय केलं हे गटातल्या प्रत्येकाकडून वेगळं लिहून घ्या. प्रोजेक्ट चालवून दाखवायला लावा आणि तिथेच त्यात एक बदल करायला सांगा. ज्याने लिहिलं आहे त्याला तो जमेल. व्हायव्हा मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत पोर विचार करतं त्या भाषेत घ्या.

आणि कामं इथली द्या. मध्य प्रदेशाने 2021 पासून पदवीला नवं शिक्षण धोरण लावलं, त्यात प्रत्यक्ष क्षेत्रातल्या प्रकल्पाला जागा आहे. ती कागदावर भरू नका. संत्रा बागायतदाराचा मजुरी-वाहतुकीचा हिशेब घ्या, ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीची नोंद घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, माणसं रक्तबंबाळ होतात. ती प्रथा थांबली पाहिजे, हे माझं ठाम मत. ती थांबेपर्यंत प्रत्येक जखमीची नोंद, त्याला कुठे हलवलं, नातेवाइकांना कुणी कळवलं, ही व्यवस्था आपल्या पोरांनी उभी करावी. ती तारीख कुणाला पुढे ढकलता येत नाही आणि त्या दिवशी बंद पडलेल्या प्रोजेक्टला सोनेरी अक्षरं वाचवू शकत नाहीत. याहून कडक परीक्षक कुठून आणाल?

विद्यार्थ्यांनो, तुमचंही माप सोडत नाही. तुम्ही फसवले गेलात, पण फसवणुकीत सामीलही झालात. या सत्रात फाइलीत खरी तारीख लिहा, कामात नसलेल्याचं नाव गटातून काढा, आणि न जमलेलं ‘जमलं नाही’ म्हणून नोंदवा. गुण कमी पडतील. पडू द्या. आणि असं लिहिल्याबद्दल ज्या कॉलेजात तुम्हाला शिक्षा होईल, त्या कॉलेजच्या दारात जाब विचारायला पालकांनी आणि गावाने उभं राहायचं आहे, कारण ती शिक्षा आपण इतकी वर्षं गप्प बसलो म्हणूनच तुमच्या वाट्याला आलेली असेल.