चाकांवरचे घर आणि आरसी बुकाची चौकट

एखादा जुना पिकअप विकत घ्यायचा, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून त्याच्या हौद्यावर खोली बांधून घ्यायची, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची आणि रजा मिळताच स्पितीचा किंवा लडाखचा रस्ता धरायचा, हे स्वप्न आज महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत पाहिले जाते. पूर्वी हौशी मंडळी लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपवर समाधान मानत. आता त्यांना कुटुंबासह आठ-दहा दिवस हॉटेलविना राहता येईल, खडकाळ वाटेवरही टिकेल अशी गाडी हवी आहे. ती बांधण्याचे कसब आपल्या गॅरेजांत आहे. प्रश्न आहे तो ती बांधल्यानंतर रस्त्यावर कोणत्या हक्काने चालवायची, हा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत नमूद झालेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. वाहनाच्या रचनेतील ज्या बदलामुळे त्याचे मूळ स्वरूप पालटते, तो बदल म्हणजे 'फेरफार', अशी व्याख्याही या कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात निकाल देताना हीच भूमिका ठामपणे मांडली. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडणी चालेल, पण मूळ रचनेला हात लावता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्या स्वरूपात आले. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला आता सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंडाची रक्कम मोठी नाही, म्हणून अनेक जण धोका पत्करतात. खरा धोका विम्याचा आहे. कागदावर मालवाहू पिकअप आणि प्रत्यक्षात चार माणसांची झोपण्याची खोली, अशी तफावत अपघातानंतर उघड झाली, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानभरपाईचा दावा नाकारू शकते. मालवाहू वाहनाच्या हौद्यात माणसे बसवून नेणे हाही वेगळा गुन्हा आहे. आयुष्याची बचत घालून बांधलेले घर एका वळणावर मातीमोल होऊ शकते.

गंमत अशी की कायद्याला हे वाहन अपरिचित नाही. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराच्या 'कॅम्पर व्हॅन'चा बिगर-परिवहन वाहनांत स्पष्ट उल्लेख आहे. 'मोटर कॅरव्हॅन'साठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मात्र ही सारी व्यवस्था वाहन उत्पादक आणि पर्यटन व्यावसायिक यांना समोर ठेवून उभी आहे. प्रकार-मंजुरीच्या चाचण्यांचा खर्च शंभर गाड्या बनवणाऱ्याला वाटून घेता येतो, एकच गाडी बांधणाऱ्याला नाही. वाहन संशोधनाची अग्रगण्य संस्था एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे, पण त्याच पुण्यातील हौशी माणसाला तिचे दार आपल्यासाठी आहे असे वाटत नाही.

भीती अनाठायी नाही

तरीही कायद्याची सावधगिरी निराधार म्हणता येणार नाही. घरी बांधलेल्या गाडीत पहिली चूक होते ती वजनाची. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. शिशाच्या दोन मोठ्या बॅटऱ्या साधारण ६० किलोच्या. चार माणसे पावणेतीनशे किलोंची. त्यात लोखंडी सांगाडा, प्लायवूड, जादा स्टेपनी आणि डिझेलचे कॅन मिळवले की बाराशे किलो क्षमतेचा पिकअप निघण्यापूर्वीच मर्यादेला टेकतो. टपावर सामान चढवले की गुरुत्वमध्यही वर जातो, आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा संभव वाढतो.

दुसरी बाब चॅसीची. खडबडीत वाटेवर शिडीसारखी चॅसी पिळवटते, आणि ते आवश्यकच असते. तिच्यावर ताठ खोली थेट वेल्डिंगने जखडली, तर काही हजार किलोमीटरांत सांध्यांना तडे जातात. म्हणून जाणकार बांधणारे खोली स्प्रिंगवर किंवा तीन बिंदूंवर टेकवतात.

तिसरी बाब आग आणि वायू यांची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. त्यासाठी जमिनीलगत झरोका हवा. थंडीत खिडक्या बंद करून शेगडी पेटवली, तर कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, जीव मात्र जातो. बॅटरीच्या तारेला तिच्या लगतच फ्यूज नसेल, तर घासलेली एक तार सारी खोली पेटवू शकते. फॅब्रिकेटर पत्रा उत्तम ठोकतो, पण या गोष्टी तपासणे त्याचे काम नाही, आणि आज ते कोणाचेच काम नाही.

मधला मार्ग

अन्य देशांनी हा पेच सोडवला आहे. जर्मनीत मान्यताप्राप्त अभियंता गाडी तपासतो आणि योग्य बदलांची नोंद तिच्या कागदपत्रांत होते. ब्रिटनमध्ये एकेकट्या वाहनाला स्वतंत्र मंजुरी देण्याची पद्धत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या केंद्र सरकारलाही फेरफारांच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे. त्या अधिकारात एका वाहनापुरती तपासणी सुरू करणे अशक्य नाही. वजनकाटा, ब्रेक, वायू आणि विजेची जोडणी एवढ्या चार बाबी जरी अधिकृतपणे तपासल्या, तरी मोठे अपघात टळू शकतील.

तोवर शहाणपणाचा मार्ग म्हणजे रचनेला हात न लावणे. प्रवासी म्हणून नोंदलेल्या, पुरेशा जागेच्या गाडीत सहज काढता येणारा पलंग, पेटीतली शेगडी, हलवता येणारी बॅटरी हे सामान म्हणून नेता येते. वेल्डिंग नाही, आसने उपटणे नाही, टप कापणे नाही. पूर्ण खोलीच हवी असेल, तर मंजुरी असलेल्या बांधणीदाराकडे जावे आणि पहिला हप्ता देण्यापूर्वी नोंदणी कोणत्या वर्गात होणार, हे आरटीओकडून लेखी घ्यावे.

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. या हौसेचे मोल मात्र लाखांत आहे, आणि चुकीचे त्याहून अधिक. लोक गाड्या बांधतच राहणार. त्या लपून बांधाव्यात की तपासून घ्याव्यात, एवढाच निर्णय सरकारच्या हाती आहे.