भाषांतर बंद पडले त्या रात्री

आमच्या घरात इंग्रजी जाणणारे कुणी नाही. आई चौथीपर्यंत शिकली, वडिलांची शाळा त्याआधीच सुटली. त्यामुळे महाविद्यालयात आल्यापासून माझी इंग्रजीची सारी भिस्त मोबाईलवरच्या भाषांतरावर आहे. उतारा टाकावा, बोट दाबावे, की मराठी हजर! गूगलच्या भाषांतर-सेवेत मराठी २०१३ साली आली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. अशी सोय नसती तर पहिले वर्ष मी कसे पार पाडले असते, कोण जाणे. म्हणूनच तिला 'आळशांची कुबडी' म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. ज्यांना घरी विचारायला दादा नाहीतर काका आहेत, त्यांना असे म्हणणे सोपे आहे.

पण एका रात्री ही कुबडी निसटली. राज्यशास्त्राच्या ट्युटोरियलसाठी सरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण वाचून यायला सांगितले होते. भाषण मूळ इंग्रजीत. ते मी मोबाईलमध्ये उतरवून घेतले होते. नेहमीप्रमाणे आदल्या रात्री बसले, तो भाषांतराचे पान उघडेचना. 'जोडणी सुरक्षित नाही' एवढीच सूचना. मोबाईल बंद करून चालू केला, अंगणात जाऊन रेंज पाहिली, डेटा शिल्लक आहे का तेही पाहिले. सारे ठीक. दुसरी संकेतस्थळे उघडून पाहिली तर तिथेही तीच सूचना! म्हणजे बिघाड भाषांतरात नाही, आमच्याच मोबाईलमध्ये आहे, एवढे उमगले. पुढे काय करायचे ते उमगेना.

मग धाकट्या भावाचे दप्तर उपसले. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका असते, मराठीच्या पुस्तकात मराठीतून आणि इंग्रजीच्या पुस्तकात इंग्रजीतून. दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवली. लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य, इक्वालिटी म्हणजे समानता, फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुता. शाळेच्या परिपाठात रोज घोकलेले शब्द! भाषणात हेच तीन शब्द पुन्हा पुन्हा येत होते. त्यांच्या आधाराने एकेक वाक्य लावत गेले. रात्री एक वाजेपर्यंत जेमतेम दीड पान झाले.

त्या दीड पानात बाबासाहेब सांगतात की, २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपण समान होऊ, प्रत्येकाच्या मताचे मूल्य एकच असेल. सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता तशीच राहील. मी थांबले. आई शेजारी झोपली होती. मतदानाच्या दिवशी आई आणि जिच्या शेतात ती खुरपायला जाते ती बाई एकाच रांगेत उभ्या असतात. दुसऱ्या दिवशी आई तिच्या बांधावर. याच विषयावरचे किती उतारे मी यंत्राकडून मराठीत करून घेतले असतील! पण ते डोळ्यांखालून गेले, आई कधी आठवली नाही.

सकाळी बिघाड सापडला. चिरंजीवांनी खेळात पुन्हा 'जीव' मिळावेत म्हणून मोबाईलची तारीख चक्क एक वर्ष पुढे नेऊन ठेवली होती! प्रत्येक संकेतस्थळाजवळ मुदतीचे प्रमाणपत्र असते, आपल्या एस.टी.च्या पासासारखेच. कंडक्टरचेच कॅलेंडर चुकले तर चांगला पासही मुदतबाह्य ठरायचा, तसे झाले होते. तारीख नीट करताच भाषांतर पूर्ववत सुरू झाले, आणि भाषणाचा उरलेला भाग मी एस.टी.त बसून त्याच यंत्राच्या मदतीने वाचला. खोटे कशाला बोलू?

असो. सांगायचा मुद्दा निराळाच आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली छापला गेला. त्यानंतर कितीतरी कोश झाले. आपल्या ग्रंथालयात ते आहेतही, पण काचेच्या कपाटात, कुलपाआड! मागितला तर 'परीक्षा जवळ आली का?' असा प्रश्न येतो. निदान दोन कोश वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवावेत. आणि आठवड्यातून एक तास कुणी प्राध्यापकांनी आमच्याबरोबर बसून इंग्रजी पान सावकाश वाचावे. नोट्स नकोत, फक्त वाचन. आम्ही चुकू, अडखळू, कदाचित वर्ग हसेलही. चालेल.

मोबाईलची तारीख आता आपोआप लागेल अशी मी करून ठेवली आहे. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता.