आधी चढाचा हिशेब, मग नोंदणी
वेल्समधल्या टेन्बीच्या आयर्नमॅनला नाव नोंदवायचा विचार करताय? ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणे हे आकडे प्रत्येक आयर्नमॅनचे. निर्णय चढावर घ्या.

इथे सायकलचा एकूण चढ २००० मीटरहून जास्त आहे. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर एवढे वर न्यायलाच सुमारे ४०० किलोकॅलरी लागतात. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम पाव, म्हणजे शरीर १६०० जाळणार. उतारावर त्यातले फारसे परत मिळत नाही. ते ब्रेक आणि वारा खातात. पुढे मॅरेथॉन उरतेच!

म्हणून जवळच्या टेकडीवर एका दिवसात १००० मीटर चढ पुरा करा आणि लगेच तासभर धावा. जमले तर खुशाल पैसे भरा. नाहीतर यंदा सपाट स्पर्धा निवडा. त्यात कसला कमीपणा?